‘जगल’ : आधी हातचलाखी, मग चेंडू

नाशिकमधील एका माध्यमिक शाळेतील शिक्षिकेने ‘जगल’ या इंग्रजी क्रियापदाविषयी विचारले आहे. आठवीच्या वर्गात त्यांनी या शब्दाचा अर्थ ‘एकापाठोपाठ एक चेंडू हवेत उडवून झेलणे’ असा सांगितला. त्याच सुमारास त्यांचे यजमान ज्या पतसंस्थेचे संचालक आहेत, तिला आलेल्या लेखापरीक्षकाच्या इंग्रजी पत्रात आकडे ‘जगल’ केल्याचा शेरा निघाला, आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोकरी व घर ‘जगल’ करणाऱ्या स्त्रियांवरचा लेख त्यांच्या वाचनात आला. चेंडू, हिशेब आणि संसार या तिन्हींना एकच क्रियापद कसे लागते, त्यातला मूळ अर्थ कोणता, मराठीत त्या त्या ठिकाणी काय लिहावे, आणि वर्गातल्या मुलांनी विचारल्याप्रमाणे आपल्या ‘जुगार’ किंवा ‘जुगाड’शी या शब्दाचे काही नाते आहे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत. न्यायालयांत आणि सहकारी संस्थांत दाखल होणाऱ्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे हा शब्द माझ्यासमोर वारंवार येतो, आणि येतो तेव्हा त्याचा चेंडूंशी बहुधा काही संबंध नसतो.

सर्वसाधारण समजूत अशी असते की चेंडूंचा खेळ हा मूळ अर्थ असावा आणि हिशेबांची फिरवाफिरव हा त्यावरून निघालेला लाक्षणिक अर्थ असावा. शब्दाचा इतिहास पाहिला तर क्रम उलटा लागतो. चेंडू उडवण्याचा अर्थ या शब्दाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का चिकटला. त्याआधी सुमारे पाचशे वर्षे ‘जगल’ करणे म्हणजे हातचलाखी करणे, नजरबंदी करणे, आणि तिथून सरळ फसवणे असाच अर्थ होता. त्यामुळे लेखापरीक्षकाने वापरलेला अर्थ जुन्या घराण्यातला आहे, वर्गात सांगितलेला अर्थ त्याच्या मानाने अगदी अलीकडचा आहे, आणि नोकरी-घराचा अर्थ त्याहूनही धाकटा, विसाव्या शतकातला, चेंडूंच्या अर्थावरून निघालेला आहे. एवढा क्रम ध्यानात ठेवला तर भाषांतराचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मुळाशी लॅटिन भाषेतील ‘योकुस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ थट्टा, विनोद. तोही मुख्यतः शब्दांनी केलेला. अंगमेहनतीच्या किंवा डावाच्या खेळाला लॅटिनमध्ये ‘लूदुस’ असा वेगळा शब्द होता. पुढे लॅटिनपासून ज्या भाषा निघाल्या त्यांत ‘लूदुस’ मागे पडला आणि ‘योकुस’नेच दोन्ही कामे उचलली, म्हणून खेळ या अर्थाचे आजचे इटालियन ‘जोको’ आणि स्पॅनिश ‘हुएगो’ हे शब्द थट्टेच्या मुळातून आलेले आहेत. इंग्रजीतील ‘जोक’ आणि ‘जोकर’ याच कुळातले, हे सहज पटते. संकट या अर्थाचा ‘जेपर्डी’ हा शब्दही याच कुळातला आहे, हे मात्र चटकन पटत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये दोन्ही बाजूंना सारखी संधी असलेल्या, म्हणजेच निकाल अधांतरी असलेल्या डावाला ‘वाटून गेलेला खेळ’ अशा अर्थाचे नाव होते. त्या अनिश्चिततेतून जोखीम आणि जोखमीतून धोका असा अर्थ सरकत गेला.

‘योकुस’पासून थट्टा करणे या अर्थाचे क्रियापद झाले, आणि ते करणारा तो ‘योकुलातोर’ झाला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप झिजत ‘जोग्लर’च्या जवळपास आले. फ्रेंचमधले आजचे रूप ‘जोंग्लर’ असे आहे. त्यातला मधला अनुनासिक मूळचा नसून बडबड करणे या अर्थाच्या दुसऱ्या एका शब्दाशी झालेल्या गोंधळातून तो घुसला असे मानले जाते. मध्ययुगीन फ्रान्समधला हा जोंग्लर गावोगाव, जत्रांतून आणि सरदारांच्या वाड्यांतून फिरणारा कलावंत होता. वीरांची लांबलचक कथागीते म्हणणे, वाद्य वाजवणे, कोलांट्या मारणे, सुऱ्या उडवणे, शिकवलेली जनावरे नाचवणे आणि हातचलाखीचे खेळ करणे यांपैकी पोटासाठी जे जमेल ते तो करीत असे. आपल्याकडे शाहीर, बहुरूपी, डोंबारी आणि गारुडी यांनी आपापली कामे वाटून घेतलेली आहेत. जोंग्लरच्या झोळीत ती सगळी एकत्र होती, आणि म्हणूनच त्या एका शब्दातून पुढे इतके वेगवेगळे अर्थ फुटू शकले. इंग्लंडच्या इतिहासात या वर्गातला एक नामांकित माणूस आहे. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन सैन्यापुढे ताइयफेर नावाचा जोंग्लर होता. एका जुन्या काव्यात तो शत्रूसमोर तलवार उडवीत गेल्याचे वर्णन आहे, तर दुसऱ्यात तो रोलाँ या वीराचे गाणे म्हणत गेल्याचे सांगितले आहे. दोन्ही वर्णनांत तथ्य किती हा इतिहासकारांचा विषय आहे, परंतु एकाच माणसाच्या नावावर तलवार उडवणे आणि गाणे या दोन्ही गोष्टी जमा व्हाव्यात, हे त्या शब्दाच्या तेव्हाच्या व्याप्तीला साजेसेच आहे.

इंग्रजीत आधी नाम आले आणि क्रियापद नंतर. ‘जगलर’ या अर्थाचे रूप इ.स. ११०० च्या आसपासच्या इंग्रजीत आढळते, तर ‘जगल’ हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. इंग्रजीत आल्यावर गाणे-बजावणे हा भाग ‘मिन्स्ट्रल’ या शब्दाकडे गेला आणि ‘जगलर’कडे जादूटोणा व नजरबंदी हा भाग उरला. चौदाव्या शतकातील कवी चॉसर आपल्या एका काव्यात जगलर, मांत्रिक आणि मायावी देखावे दाखवणारे यांची एकाच रांगेत गणना करतो. त्या रांगेत चेंडू उडवणारा कोणी नाही.

या टप्प्यावरचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा १५८४ सालचा आहे. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने चेटकिणींवरच्या खटल्यांविरुद्ध एक मोठा ग्रंथ लिहिला. ज्याला लोक चेटूक समजतात त्यातले पुष्कळसे केवळ हातांचे कौशल्य असते, हे दाखवण्यासाठी त्याने त्या ग्रंथाचा एक भाग ‘जगलिंग’च्या कलेला दिला आणि तिची गुपिते उघड करून सांगितली. त्या भागात चेंडू आहेत, पण ते लहान गोळ्यांएवढे असून बोटांच्या बेचक्यात किंवा तळव्यात लपवायचे आहेत. नाणी आहेत, ती गायब करायची आहेत. पत्ते आहेत, ते बदलायचे आहेत. आणि धडावेगळे झालेले शिर ताटात ठेवून दाखवण्याची युक्तीही आहे. हवेत काही उडवून झेलणे हा तिथे विषयच नाही. पेल्यांखालच्या गोळ्यांचा जो खेळ आपल्याकडे गारुडी करतो, म्हणजे तीन पेले पालथे घालून गोळी कोठे आहे ते ओळखायला लावतो, तो त्या काळच्या इंग्रजीत ‘जगलिंग’चा अगदी नमुनेदार प्रकार होता. याच कलेला इंग्रजीने फ्रेंचमधून आणखी एक नाव घेतले, ‘लेजरडेमेन’, ज्याचा शब्दशः अर्थ हाताचा हलकेपणा असा होतो.

शेक्सपियरच्या नाटकांत हा शब्द ज्या संतापाने येतो त्यावरून त्याचा नैतिक रंग कळतो. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये आपला प्रियकर पळवला गेला असे वाटून हर्मिया आपल्या मैत्रिणीला ‘जगलर’ म्हणते, ती शिवी आहे. ‘मॅक्बेथ’च्या शेवटी, भविष्यवाणीतील शब्द आपल्याला दुहेरी अर्थाने फसवत होते हे उमगल्यावर नायक त्या अमंगळ शक्तींना हेच विशेषण लावतो. तिसऱ्या एका नाटकात डोळ्यांना फसवणाऱ्या चपळ जगलरांचा उल्लेख चेटूक करणाऱ्यांच्या जोडीने येतो. धर्मसुधारणेच्या वादांतही प्रतिपक्षाच्या धर्मगुरूंना ‘जगलर’ म्हणण्याची प्रथा पडली होती. ‘शब्दांशी जगल करणे’ हा वाक्प्रयोग याच छटेतून आला, आणि त्याला मराठीत ‘शब्दच्छल’ हा इतका चपखल शब्द आहे की तिथे दुसरे काही शोधण्याची गरज नाही.

मग चेंडू आले कोठून? चेंडू उडवण्याची कला अर्थातच या शब्दापेक्षा फार जुनी आहे. इजिप्तमधील बेनी हसन येथील थडग्यांत सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या चित्रांत स्त्रिया एकापेक्षा अधिक चेंडू उडवताना दिसतात, आणि प्राचीन चीनमधील कथांत नऊ चेंडू उडवणाऱ्या माणसाची व सात तलवारी उडवणाऱ्या कलावंताची गोष्ट येते. कला होती, परंतु इंग्रजीत ‘जगलिंग’ हे तिचे खास नाव नव्हते. जगलरच्या पोतडीतल्या अनेक करामतींपैकी ती एक होती. हे नाव तिच्याकडे जाण्यात हिंदुस्थानातील कलावंतांचा मोठा वाटा असावा, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे देतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील इंग्रज प्रवासी व अधिकारी आपल्याकडच्या गारुड्याला सर्रास ‘जगलर’ म्हणत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही ‘गारुडी’ला हाच प्रतिशब्द दिलेला आहे. टोपलीतला मुलगा गायब करणे, कोयीतून डोळ्यांदेखत आंब्याचे रोप उगवणे, पेले आणि गोळ्या, तलवार गिळणे, साप खेळवणे हे सगळे त्यांच्या लेखी ‘जगलिंग’च होते, म्हणजे तो शब्द ते जुन्याच अर्थाने वापरीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशा काही हिंदी कलावंतांनी लंडनमध्ये प्रयोग सुरू केले. त्यांच्यापैकी रामो सामी या नावाने प्रसिद्ध झालेला कलावंत पुढे तिकडेच राहिला आणि १८५० साली तिकडेच वारला. हे लोक हातचलाखीही करीत आणि पितळी गोळे उडवून झेलण्याचे कौशल्यही दाखवीत. इंग्रज प्रेक्षकांना पेल्या-गोळ्यांचा खेळ नवा नव्हता. झेलण्यातली ती सफाई मात्र नवी होती. विल्यम हॅझलिट या निबंधकाराने १८२१ मध्ये या हिंदी ‘जगलरां’वर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातील गाजलेला भाग गायब होणाऱ्या वस्तूंविषयी नाही. पांढऱ्या पोशाखात, डोक्याला पागोटे गुंडाळून जमिनीवर बसलेला एक माणूस आधी दोन आणि मग चार पितळी गोळे एकाच वेळी कसे हवेत खेळवतो याचे ते वर्णन आहे, आणि त्यात फसवणुकीला जागाच नाही, क्षणाची चूकही लपत नाही, याचेच लेखकाला आश्चर्य वाटते. शब्द जुना राहिला, पण त्याच्यासमोर उभे राहणारे चित्र बदलू लागले.

स्पॅनिश भाषेने तर याबाबतीत सरळ कबुलीच दिली आहे. तिथे लॅटिनवरून आलेला ‘हुग्लार’ हा शब्द मध्ययुगीन गायक-कलावंतासाठी राखून ठेवला गेला, आणि चेंडू उडवून झेलणाऱ्याला ‘मालाबारिस्ता’ म्हणतात. हे मालाबार म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे, केरळातले मलबार. पोर्तुगीजमध्येही हाच शब्द आहे.

इंग्रजीत अर्थाचा हा संकोच पूर्ण झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सर्कस आणि म्युझिक हॉल यांच्या भरभराटीच्या काळात. रंगमंचावर पत्ते आणि पेटाऱ्यांची जादू करणाऱ्यांना ‘कॉन्ज्युरर’ व ‘मॅजिशियन’ ही नावे रूढ झाली होती, त्यामुळे ‘जगलर’ हे नाव जणू मोकळे झाले आणि वस्तू उडवून झेलणाऱ्या, तोलून धरणाऱ्या कलावंतांकडे गेले. पॉल चिंक्वेवाली (१८५९–१९१८) या पोलंडमध्ये जन्मलेल्या कलावंताने तोफेचा गोळा मानेवर झेलून लंडनचे प्रेक्षक थक्क केले, आणि त्याच्यानंतरच्या पिढीतील एन्रिको रास्तेल्ली (१८९६–१९३१) याने दहा चेंडूंपर्यंत मजल मारली असे सांगतात. अशा कलावंतांच्या कीर्तीमुळे नवा अर्थ सामान्य वाचकाच्या मनात पहिला होऊन बसला.

नाशिकच्या वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ असे नाव घेतले होते. स्कॉटच्या काळच्या इंग्रजीत फाळक्यांना ‘जगलर’ म्हणणे बिनचूक ठरले असते. त्यांच्या स्वतःच्या काळात ते चुकीचे ठरले असते, कारण तोपर्यंत शब्दाचे घर बदलून झाले होते.

आता चेंडूंचा खेळ नेमका काय असतो ते जवळून पाहू, कारण नोकरी-घराचा अर्थ त्याच्या तपशिलावर उभा आहे. तीन चेंडूंच्या मूळ प्रकारात दोन चेंडू एका हातात आणि एक दुसऱ्या हातात घेऊन सुरुवात होते. उजव्या हाताने चेंडू आतल्या बाजूने, साधारण डोळ्यांच्या उंचीच्या किंचित वर जाईल असा डावीकडे फेकायचा. तो सर्वोच्च बिंदूला पोहोचला की त्याच्या खालून डाव्या हातातला चेंडू उजवीकडे फेकायचा आणि रिकाम्या झालेल्या डाव्या हाताने पहिला झेलायचा. पुढे हेच आलटून पालटून चालते. शिकणारा हमखास अडखळतो तो दुसरा चेंडू फेकण्याऐवजी हातातल्या हातात सरकवल्यामुळे. नजर हातांवर ठेवायची नसते, चेंडू जिथे वळण घेतात त्या वरच्या जागेवर ठेवायची असते. हातापासून अर्धा मीटर उंच गेलेला चेंडू परत यायला सुमारे ०.६४ सेकंद लागतात. उंची दुप्पट केली म्हणजे वेळही दुप्पट मिळेल अशी नवशिक्याची अपेक्षा असते, पण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जेमतेम १.४ पट मिळतो आणि नेम मात्र बराच बिघडतो. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन याने तर चेंडू हवेत असण्याचा काळ, हातात असण्याचा काळ, हात रिकामा असण्याचा काळ, हातांची संख्या आणि चेंडूंची संख्या यांना जोडणारे एक छोटेसे समीकरणच मांडले होते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कोणत्याही क्षणी प्रत्येक हातात फार तर एक चेंडू असतो आणि उरलेला सुटलेला असतो. खेळणाऱ्याला एका वेळी हातातल्या चेंडूपुरतेच काम करावे लागते, पण बाकीच्यांची वेळ डोक्यात चालू ठेवावी लागते, आणि एक निसटला की मागोमाग सगळे निसटण्याची शक्यता असते. इंग्रजीत नोकरी, मुले आणि आजारी आईवडील ‘जगल’ करणे असे म्हणतात तेव्हा हे सगळे अभिप्रेत असते. फसवणुकीचा लवलेशही त्यात नाही; उलट थोडेसे कौतुक आणि थोडीशी कीव असते.

इथे मराठी वर्तमानपत्रे हमखास ‘तारेवरची कसरत’ लिहितात. तो वाक्प्रचार मला चुकीचा वाटत नाही, पण तो एका वेगळ्या खेळातून आलेला आहे हे विसरू नये. तारेवरच्या डोंबाऱ्याला एकच तोल सांभाळायचा असतो आणि पडला तर तोच पडतो. म्हणून दोन वरिष्ठांची मर्जी एकाच वेळी राखणाऱ्या कारकुनाला तारेवरची कसरत शोभते. सकाळी डबे, दुपारी शाळा, संध्याकाळी सासऱ्यांची औषधे अशी कामांची साखळी ओढणाऱ्या बाईला ती तितकीशी शोभत नाही. तिच्याविषयी लिहिताना मी तीन क्रियापदांत निवड करतो. तिचे कौशल्य सांगायचे असेल तर ‘नोकरी सांभाळून घर बघते’ हे साधे वाक्य पुरते. तिचे हाल सांगायचे असतील तर ‘ओढाताण होते’. आणि भर वेळेच्या गणितावर असेल तर ‘दोन्हींचा मेळ बसवते’. ‘अनेक चेंडू हवेत ठेवणे’ असे जे शब्दशः भाषांतर अलीकडे दिसते ते मराठी वाचकाच्या मनात काहीच उभे करीत नाही, ते टाळावे. बाईंना वर्गात हा अर्थ समजावून द्यायचा असेल तर सागरगोट्यांचा खेळ पुढे करावा. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे गोटे उचलायचे आणि मग वरचाही झेलायचा, यात एका कामाच्या फटीत दुसरे काम उरकण्याची जी गंमत आहे ती मुलींना लगेच कळते.

तारखा, वेळापत्रके किंवा सुट्ट्या ‘जगल’ करणे याला ‘मागेपुढे करणे’ हा आपला रोजचा प्रयोग आहे, त्यावर अधिक काही सांगण्यासारखे नाही.

पतसंस्थेच्या पत्राचा प्रश्न मात्र जपून हाताळण्याचा आहे, कारण तिथे शब्दावरून माणसांवर आरोप ठरतात. पत्रातील उताऱ्याचा आशय असा आहे की ३१ मार्चच्या सुमारास काही थकीत कर्जखात्यांत रकमा जमा दाखवल्या गेल्या, त्या दुसऱ्या खात्यांवर नावे टाकून वर्ग केलेल्या होत्या, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उलट नोंदी करून त्या परत फिरवल्या गेल्या. अशा रीतीने थकबाकीचे आकडे ‘जगल’ करण्यात आले. येथे शब्द त्याच्या जुन्या अर्थाने आलेला आहे : पेल्यांखालची गोळी इकडून तिकडे नेली, बघणाऱ्याला मात्र ती जागेवरच आहे असे दिसले. याला मराठीत काय लिहावे?

‘जुळवाजुळव’ फार सौम्य आहे, त्यात लबाडी असेलच असे नाही. लग्नाच्या खर्चाचीही जुळवाजुळव करावी लागते. ‘ताळमेळ’ तर साफ चुकीचा, कारण बँकेचे पासबुक आणि आपली वही पडताळून पाहणे हे प्रामाणिक काम आहे आणि लेखापरीक्षक तेच करायला सांगत असतो. ‘अफरातफर’ फार जड आहे. तो शब्द मराठीत पैसा खिशात गेल्याचे सांगतो, आणि पत्रात पैसा कोणी खाल्ला असे कोठेही म्हटलेले नाही. रकमा संस्थेतल्या संस्थेत फिरल्या, एवढेच म्हटले आहे. एका शब्दाच्या घाईने संचालक मंडळावर असा आरोप लादला गेला की पुढे सहकार खात्याच्या चौकशीत तो खोडत बसावे लागते. ‘गोलमाल’ बोलण्यात ठीक, कागदावर सैल. माझ्या मते ‘आकड्यांची फिरवाफिरव’ हा शब्द येथे नेमका बसतो. त्यात हालचाल आहे, हेतूची शंका आहे, पण पैसा गेल्याचा दावा नाही. लेखापरीक्षकाने इतरत्र स्पष्टपणे फसवणुकीचा उल्लेख केला असेल तरच ‘हातचलाखी’ वापरावी.

दुसरी काळजी वाक्यरचनेची. इंग्रजी पत्रात कर्ता नाही. आकडे फिरवले गेले एवढेच आहे. मराठीत कर्त्याशिवाय वाक्य अडल्यासारखे वाटते म्हणून ‘व्यवस्थापकाने’ असा शब्द घालण्याचा मोह भाषांतरकाराला होतो. तो आवरावा आणि ‘थकबाकीच्या आकड्यांची फिरवाफिरव करण्यात आली आहे’ असेच लिहावे. कोणी केली हे ठरवणे ज्याचे काम आहे त्याला ते करू द्यावे.

मैदानावरचा एक अर्थ राहिला. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात क्षेत्ररक्षकाने चेंडू ‘जगल’ केला असे म्हणतात तेव्हा चेंडू हातातून उसळला, दोन-तीनदा निसटता निसटता अखेर पकडला गेला किंवा सुटला, असा अर्थ असतो. येथे कौशल्याऐवजी गडबड सांगितली जाते. क्रिकेटच्या नियमांनुसार चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर खेळाडूचे पूर्ण नियंत्रण आले म्हणजेच झेल पुरा होतो, त्यामुळे या उसळत्या क्षणांना समालोचनात महत्त्व येते. फुटबॉलमध्ये मात्र चेंडू जमिनीला न टेकवता पाय, मांडी आणि डोक्यावर खेळवत राहणे याला हाच शब्द आहे आणि तिथे तो कौतुकाचा आहे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ‘जुगार’ संस्कृत ‘द्यूतकार’वरून आलेला असून ‘जगल’शी त्याचे नाते नाही. ‘जुगाड’ हा हिंदीतून आलेला देशी शब्द आहे, त्याचेही नाही. इंग्रजीतच सारखे दिसणारे काही शब्द आहेत, ते मुलांना सांगण्यासारखे आहेत. मानेतील रक्तवाहिनीला ‘जग्युलर’ म्हणतात तो शब्द गळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आणि त्याच्या मागे जू या अर्थाचा शब्द आहे, जो आपल्या ‘युग’ आणि ‘जू’ यांचा दूरचा भाऊबंद आहे. आणि वाटेत येईल ते चिरडत जाणारी प्रचंड शक्ती या अर्थाचा ‘जगरनॉट’ हा शब्द तर पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरूनच इंग्रजीत गेलेला आहे. ‘जगलर’ आणि ‘जगरनॉट’ शब्दकोशात शेजारी असले तरी त्यांची गावे वेगळी आहेत.

बाईंनी पत्राच्या शेवटी असेही विचारले आहे की शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन विद्यार्थी हा खेळ करणार आहेत, तर कार्यक्रमपत्रिकेत त्याला काय नाव द्यावे. ‘जादूचे प्रयोग’ लिहू नये, प्रेक्षक टोपीतून ससा निघण्याची वाट पाहतील. ‘चेंडूंची कसरत’ चालेल, पण त्यात व्यायामाचा वास येतो. ‘चेंडूंची झेलाझेल’ हे मला सर्वांत आवडते, आणि मुलांना ‘जगलिंग’ हेच नाव हवे असेल तर तेही खुशाल देवनागरीत लिहावे.